मदत हवी आहे: गोंधळाच्या पदांना बेस गिटारची साथ आहे. रेकॉर्डिंगसाठी खरा ॲम्प (ॲम्प्लिफायर) घ्यावा की सॉफ्टवेअरवर भागेल?

नमस्कार मंडळी,

आम्ही तुळजापूरकडचे. संबळ, तुणतुणं, ॲकॉस्टिक गिटार आणि माझा बेस असा संच आहे. मामा गोंधळाची पारंपरिक पदं म्हणतात, आम्ही मागे साथ धरतो. मामांचं वय झालंय आणि त्यांना येणारी कितीतरी पदं आमच्या भागात आता दुसऱ्या कुणाला येत नाहीत, म्हणून ती नीट रेकॉर्ड करून ठेवायची आहेत. बाकी वाद्यांचं जमतंय, घोडं अडलंय ते बेसवर.

बेस चार तारांचा आहे, जॅझ बेसच्या धाटणीचा, दोन सिंगल कॉइल पिकअपवाला (पिकअप म्हणजे तारांची थरथर पकडणारी चुंबकं). खोली वरच्या मजल्यावर, 10 बाय 12 ची, उंचीही 10 फूट, वर स्लॅब. बजेट ओढूनताणून 40,000. त्यात एक तर बऱ्यापैकी ॲम्प आणि माइक येईल, नाहीतर ऑडिओ इंटरफेस (वाद्य कॉम्प्युटरला जोडायची पेटी), हेडफोन आणि एखादं प्लगइन (ॲम्पची नक्कल करणारं सॉफ्टवेअर). दोन्ही जमणार नाही.

लातूरच्या मित्राचा 15 इंची स्पीकरचा कॉम्बो ॲम्प आणून बघितला. समोर उभं राहून वाजवताना काय भारी वाटतं! पँटचा पाय हलतो, संबळवालाही त्या आवाजाला धरून खुलतो. पण रेकॉर्ड झालेलं ऐकलं तर ए ची मोकळी तार एवढी घुमते की मामांचे शब्द बुडतात. त्याच तारेवर तिसऱ्या फ्रेटचा (घराचा) सी स्वर तेवढ्याच जोरात वाजवला तरी बारीक. माइक हातभर सरकवला की सगळं पुन्हा बदलतं. वर लाइट गेली की इन्व्हर्टरची घरघर, आणि लाइट असतानाही मागे बारीक घुं चालूच.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर लॅपटॉपवर करून पाहिलं. बोट आधी, आवाज नंतर. संबळाशी लय धरायची तर हे चालायचं नाही. आणि मनातली खरी शंका वेगळीच आहे. कातडं, तार, गळा, सगळं खरं आणि त्यात बेस तेवढा कॉम्प्युटरातला, हे कानाला वेगळं पडेल का? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद: खर्जवाला, नांदेड

दादा, तुमच्या ॲम्पचा काही दोष नाही, खोलीचा आहे. 10 फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींत साधारण 56 हर्ट्झचा आवाज अडकून घुमतो. ए ची मोकळी तार 55 हर्ट्झची. त्यात तुमची उंचीही 10 फूट, म्हणजे तोच स्वर जमीन आणि स्लॅबमध्येही घुमणार. सी येतो 65 वर, त्याला ही खोली तसा हात देत नाही. उशा-गाद्या लावून हे जात नाही, एवढ्या खालच्या स्वरांना त्या पुरत नाहीत. तुम्ही 300 वॉटचा अँपेग एसव्हीटीसारखा दणदणीत ॲम्प आणून ठेवलात तरी त्या खोलीत ए असाच घुमेल.

म्हणून माझं स्पष्ट मत: पैसे इंटरफेसमध्ये घाला. बेस थेट त्याच्या इन्स्ट्रुमेंट इनपुटला (गिटारसाठीच्या जागेत) लावा. लाइन इनपुटला लावू नका, तिथे पिकअपवर भार पडून आवाज मेलेला येतो. आणि थेट घेतलेला बेस खोटा हे डोक्यातून काढा. 1960 च्या दशकात अमेरिकेत डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीत जेम्स जेमर्सन या बेसवादकाचा बेस बहुतेक वेळा ॲम्पशिवाय थेट मिक्सिंग कन्सोलमध्येच जायचा. आज लोक त्याच आवाजाच्या मागे धावतात.

प्रतिसाद: ओमकार_बेस

मराठवाड्यात राहून लाइटवर विसंबून रेकॉर्डिंग करायचं नाही, हे आधी पक्कं करा. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. यूएसबीवर चालणारा इंटरफेस असेल तर तोही त्याच बॅटरीवर चालतो, अर्धी घरघर तिथेच जाते. उरलेल्यासाठी बेसच्या दोन्ही पिकअपचे व्हॉल्यूम पूर्ण उघडे ठेवा. जॅझ बेसवर दोन्ही पिकअप सहसा उलट-सुलट गुंडाळलेले असतात, सारखे उघडले की घुं एकमेकांत कटते. तरी राहिली तर खुर्ची फिरवून बसा, एका दिशेला ती सगळ्यात कमी ऐकू येते.

ही घुं नंतर फिल्टरने काढू म्हणाल तर पस्तावाल. वीज 50 हर्ट्झची आणि ई तारेवरचा तिसऱ्या फ्रेटचा जी 49 चा. घुं कापायला गेलात की जी सुद्धा जातो.

बोट आधी आणि आवाज नंतर, हे बहुतेक ड्रायव्हरमुळे. इंटरफेससोबत येणारा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (उशीर कमी करणारं सॉफ्टवेअर) टाका, बफर (एका वेळी साठवायचा आवाजाचा तुकडा) 128 ठेवा. 44.1 किलोहर्ट्झवर 128 सॅम्पल म्हणजे एका बाजूचे 3 मिलिसेकंद. येण्याजाण्याचे मिळून 10 च्या आत राहिलं तर तुम्हाला कळणारही नाही. वाजवताना प्लगइन बंदच ठेवायचं असेल तर डायरेक्ट मॉनिटरिंग चालू करा, म्हणजे आवाज इंटरफेसमधूनच थेट कानात येतो.

प्लगइनवर लगेच खर्च नको. न्यूरल ॲम्प मॉडेलर फुकट आहे, खऱ्या ॲम्पांची लोकांनी घेतलेली कॅप्चर (आवाजाच्या नकला) त्यात लागतात. पुढे कॅबिनेटचा आयआर (स्पीकरपेटीच्या आवाजाचा ठसा) लावायला विसरू नका, नाहीतर माशी भणभणल्यासारखा आवाज येईल आणि सॉफ्टवेअरच वाईट असं वाटेल.

मूळ धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. खोलीचा हिशोब कुणी असा उलगडून सांगितला नव्हता. एकच विचारतो: संबळाच्या मोठ्या भांड्याचा घुमारा आणि बेस एकमेकांवर येतात. आणि आमच्या गावाकडे लोक मोबाइलवरच ऐकणार, तिथे बेस गायबच होतो. यावर काय करावं?

प्रतिसाद: खर्जवाला, नांदेड

मोबाइलचा चिमुकला स्पीकर 41 हर्ट्झचा ई वाजवूच शकत नाही. पण त्या स्वराच्या वरच्या पटी (हार्मोनिक्स), साधारण 80, 120, 160 च्या आणि त्याहून वरच्या, ठळक असल्या की कान खालचा स्वर आपोआप धरतो. म्हणून ट्रॅकच्या दोन प्रती करा. एकीत 200 च्या खालचा आवाज स्वच्छ ठेवा, दुसरीत वरचा भाग ॲम्प मॉडेलमधून थोडा खरखरीत करा. संबळाला जागा द्यायची ती आधी वाजवण्यातून. जिथे त्याचा ठोका भरदार पडतो तिथे तुम्ही स्वर लांबवू नका, बोटाने तार दाबून टाका. कुठलंही ईक्यू (खालचे-वरचे आवाज कमी-जास्त करणं) याच्या जवळ येत नाही.

आणि मित्राचा ॲम्प परत द्यायची घाई करू नका. थेट घेतलेला ट्रॅक जपून ठेवा. एखाद्या पहाटे ॲम्प गच्चीवर न्या, इंटरफेसच्या आउटपुटचा आवाज अगदी कमी करून तोच ट्रॅक त्यात सोडा आणि स्पीकरपासून चार बोटांवर एसएम 57 किंवा हाती असेल तो माइक लावा. उघड्यावर भिंती नाहीत, त्यामुळे ए घुमणार नाही. मिक्स करताना मात्र दोन्ही ट्रॅकच्या लाटा झूम करून जुळवून घ्या. फूटभर अंतराला जवळपास 1 मिलिसेकंद उशीर होतो, आणि लाटा उलट्या पडल्या तर बेसचा जीवच जातो. मामांचं एखादं पद या दोन्ही पद्धतींनी करून इथे टाका, ऐकून सांगतो.