पडल्यावर सायकलचं काय ठेवावं, काय बदलावं?

संभाजीनगरी: दौलताबादचा घाट उतरताना कुत्रं आडवं आलं अन् मी उजव्या अंगावर आपटलो. मला खरचटण्यावर भागलं. सायकल अ‍ॅल्युमिनियमची, चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) कार्बनचा. हँडल उजवीकडून जरा आत वळलंय, मागचा डिरेलर (साखळी एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणारा) आत गेलाय, पुढचं चाक आउट म्हणजे फिरताना डुलतंय, हेल्मेटला नुसता ओरखडा. दुकानदार म्हणायलाय हँडल पाइप घालून सरळ करून देतो. करू का?

जालनेकर: भाऊ, हात जोडून सांगतो, हँडल सरळ करू नका. लोखंडी वळवलेलं चालून जातं एखादवेळी, अ‍ॅल्युमिनियमला वाकतानाच बारीक चिरा पडू शकतात, सरळ करताना त्या वाढतात अन् मग कुठल्यातरी खड्ड्यात एकदम तुटतं. मी एवढंच बघतो की हा पार्ट चालू सायकलवर तुटला तर नुसतं थांबावं लागेल का तोंडावर आपटीन. हँडल, स्टेम (हँडल धरून ठेवणारा तुकडा), चिमटा हे तोंडावर आपटवणारे, तिथं शंका आली तरी बदला. लिव्हरवरचे ओरखडे वगैरे चालतंय. हेल्मेट पण नवं घ्या, आतला थर्माकोल एकदा दबला की परत फुगत नाही अन् बाहेरून कळतही नाही.

बीडचा सायकलवाला: डिरेलरचं टेन्शन नको, बहुतेक हँगरच (डिरेलर फ्रेमला लटकतो ती पट्टी) वाकला असेल, फ्रेम वाचावी म्हणून तो मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. प्रत्येक मॉडेलचा वेगळा येतो, जुना सोबत नेऊन जुळवा. तोवर मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रीवर गियर टाकू नका, डिरेलर तारांत अडकला तर चाकही जाईल. पुढच्या चाकाचा आउट तारा ताणून निघतो, पण तारेच्या भोकापाशी चीर असली तर रिम गेली समजा.

लातूरकर: कार्बनचा चिमटा काढूनच बघा, नाण्यानं वाजवून खात्री होत नाही, वरची दांडी फ्रेमच्या आत असते. अन् हँडलखालच्या जाड पाइपाला खालून बोट फिरवा, रंगाला सुरकुती लागली तर फ्रेमच दबली. मागचं चाक फ्रेममध्ये बसतं त्यातल्या एका खाचेतून दोरा पुढच्या उभ्या पाइपाला वळसा घालून दुसऱ्या खाचेत बांधा, सीटच्या पाइपापासून दोन्हीकडचं अंतर मोजा. सारखं नसेल तर फ्रेम वाकडी.

संभाजीनगरी: हँडलची टेप सोडली तर लिव्हरच्या पट्टीखाली केसाएवढी रेघ निघाली, नख अडकायलंय. हँडल अन् हेल्मेट दोन्ही नवं मागवलं. सुरकुती नाही, दोऱ्याचं अंतर सारखं आलं. चिमटा रविवारी काढतो.

जालनेकर: बेस. जुनं हँडल भंगारात द्यायच्या आधी करवतीनं दोन तुकडे करा, नाहीतर कुणाच्यातरी पोराच्या सायकलला लागायचं.