अनुभव धागा : कॅथलिक कॉलेजातले दिवस, तिथली श्रद्धा आणि प्रवास

पंढरीकर :
मंडळी, परवा कपाट आवरताना कोकणकन्येचं जनरलचं तिकीट सापडलं. डिसेंबर २००४. शाई उडालीय, मागे माझ्या अक्षरात 'करमळी' एवढंच दिसतं.

मी पंढरपूरचा, घरी वारी. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजला आलो तेव्हा आजीने ट्रंकेत बुक्क्याची डबी ठेवली होती. पहिले दोन महिने मुंबई अंगावर यायची. संध्याकाळी मेट्रो सिनेमाच्या बाजूचा गोंगाट ऐकत कॉलेजच्या चॅपलमध्ये जाऊन मागच्या बाकावर बसायचो. कोणी विचारलं नाही, कोणी उठवलंही नाही. एका फादरनी एकदा पंखा लावून दिला, बस.

एसवायला असताना रूमपार्टनर म्हणाला, गोंयच्या सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं, दर्शन आहे, दहा वर्षांनी एकदाच, चल. चौघं निघालो. रात्रभर दाराजवळ बसून करमळी, तिथून चालत ओल्ड गोवा. सेंट फ्रान्सिस झेवियर १५५२ साली चीनजवळच्या बेटावर वारले. एरवी त्यांचं शरीर बॉम जेझू चर्चमध्ये उंचावर चांदीच्या पेटीत असतं, दर्शनासाठी ते रस्त्यापलीकडच्या से कॅथेड्रलमध्ये आणतात. रांग पाहिली आणि मला हसूच आलं. अगदी आमची दर्शनबारी! तीच बांबूची वळणं, तशीच कडेवरची पोरं, तीच पाण्याची बाटली पुढून मागे जाणारी. पुढे एक म्हातारी अनवाणी, सावंतवाडीकडून चालत आलेली. गाव विचारलं, सांगितलं. म्हणाली, "पंढरपुरसून इलंस? आमच्या वाडीतली माणसां आषाढीक जातत थंय." आणि वाकून माझ्या पायाला हात लावला. मी पण तिच्या पाया पडलो. दुसरं काय करणार?

घरी भीतभीत सांगितलं. आजीने एवढंच विचारलं, "पायावर डोकं ठेवायला मिळालं का?" म्हटलं नाही गं, काचेची पेटी, लांबूनच. "मग मुखदर्शन झालं म्हण."

तुमचेही असे अनुभव असतील तर लिहा ना.

वसईची_पोर :
वाचून डोळे भरले. आजीला नमस्कार.
आम्ही कुपारी, वसईचे कॅथलिक, म्हणजे उलट बाजू. राखेच्या बुधवारी पहाटेची मिस्सा करून तशीच चर्चगेट लोकल पकडायचे, कपाळावर राखेचा क्रूस. लेडीज डब्यात एका मावशींनी विचारलं, कुठल्या देवाचा अंगारा गं? सांगितलं, गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेल्या झावळ्या जाळून करतात. त्या म्हणाल्या, मलाही लाव थोडा, मुलाची बारावी आहे. मी कपाळाला बोट लावून त्यांना टेकवलं. बोरिवली येईपर्यंत आणखी तिघी झाल्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी डब्यातून पुरणपोळी आणली. उपवासकाळ होता, गोड सोडलं होतं मी, पण त्या दिवशी खाल्ली.

पेडर_रोड :
सोफिया, ९१ ची बॅच. नवरात्रात महालक्ष्मीच्या गर्दीतून वाट काढत कॉलेज गाठायचं, ओटीच्या नारळाचं खोबरं पर्समध्ये. सगळ्यात आधी हक्काने मागायच्या आमच्या लायब्ररीतल्या सिस्टर. सविस्तर नंतर, कुकर लावलाय.

दुपारची_चहा :
माझा अनुभव इतका गोड नाही. कॉलेजचं नाव घेत नाही. बहिणीच्या लग्नानंतर मेंदी आणि हिरवा चुडा घालून वर्गात गेले तर एका बाईंनी बाहेर उभं केलं. "हे इथे चालत नाही." अठरा वर्षांची होते, खूप रडले. त्याच कॉलेजातल्या एका वयस्क सिस्टर मला हाताला धरून त्यांच्या खोलीत घेऊन गेल्या, चहा केला, माझे हात बघून म्हणाल्या, रंग छान चढलाय. मग त्या बाईंशी बोलल्या असाव्यात, पुन्हा काही झालं नाही. पण त्या बाईंनी माफी कधीच मागितली नाही. आज तीस वर्षांनीही ते टोचतं.

वसईची_पोर :
@दुपारची_चहा, फार वाईट वाटलं. माफी मागायलाच हवी होती. त्या सिस्टर अजून आहेत का?

दुपारची_चहा :
नाहीत. २०११ ला गेल्या. मी गेले होते मातीला.

मालवणी_माणूस :
ओल्ड गोव्याच्या फेस्ताला ३ डिसेंबरला गेलात तर खाजं घ्याच. बेसनाच्या कांड्या, गूळ, आलं, तीळ. आमच्या जत्रेतलं खाजं पण तेच, उगाच गोवेकर त्यांचं म्हणतात.

पणजी_थेट :
तेच कसं? आमचं आलं जास्त झणझणीत! ये एकदा, दोन्ही शेजारी ठेवून खाऊ.

मालवणी_माणूस :
ठरलं. पाव किलो माझ्याकडून.

खिडकीची_सीट :
कोकणकन्या रात्रीची, काही दिसत नाही. दिवसा मांडवी एक्सप्रेसने जा. रत्नागिरीजवळचा पानवलचा पूल ६४ मीटर उंच आहे, तिथे मी कॉलेजच्या पोरांचा अख्खा डबा गप्प झालेला पाहिलाय. (धाग्याशी संबंध नाही, माहितीये.)

बांद्रा_वेस्ट :
टीवायच्या परीक्षेआधी आम्ही सहा जणी मोत मावलीच्या, म्हणजे बांद्र्याच्या माउंट मेरीच्या, जत्रेला. ८ सप्टेंबरनंतरचा रविवार, स्टेशनवरून बेस्टच्या जादा बसने. मेणाचे हात, पाय, घर, बाळ, सगळं मिळतं. एका मैत्रिणीने पाय घेतला. आम्हाला वाटलं चुकून. तिच्या बाबांचा अपघात झाला होता, तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. तिथे चढावर कळलं आम्हाला. खाली उतरताना कोणी बोललं नाही, तिचा हात मात्र सगळ्यांनी धरला होता. बाबा चालायला लागले पुढे, काठी घेऊन.

पेडर_रोड :
कुकर झाला, पण हे वाचून आता माझं लिहावंसं वाटत नाही. उद्या.

वसईची_पोर :
@पंढरीकर, वसईला या एकदा. आमच्या गावचे संत गोन्सालो गार्सिया, १५९७ ला नागासाकीत क्रूसावर गेले. आमची आजी चर्चला देऊळच म्हणायची, तुमच्या आजीशी जमलं असतं तिचं.

पंढरीकर :
नक्की येतो. आजी आता नाही, बुक्क्याची डबी आहे. ती घेऊन येईन.