पालकाचे रंग वेगळे होईनात, कागदावर नुसता हिरवा पट्टा

शाळेतली_बाई: नववीच्या वर्गात फिल्टर पेपरवर पालकाच्या रसाचा प्रयोग केला. बॉलपेनने रेघ, तिच्यावर रसाचे तीन-चार थेंब, खाली नेलपेंट रिमूव्हर. सगळं हिरवं एकगठ्ठा वर जाऊन बसलं आणि मागोमाग रेघेची शाई निळी-जांभळी होऊन चढली. पोरं शाईवरच खूश. चुकलं कुठे?

क्यूसीवाला: बाई, प्रयोग झाला, फक्त शाईचा झाला! औषध कंपनीत अठरा वर्षं टीएलसी (पातळ थरावर मिश्रणातले घटक असेच वेगळे करायचं तंत्र) करतोय, पहिल्या आठवड्यात मीही पेनानेच रेघ मारली होती. शिसपेन्सिल घ्या, ती विरघळत नाही.

खरा घोळ रिमूव्हरचा. कागद रंगाला धरून ठेवतो, द्रावक ओढून नेतं. मंडईतून आत्या आणि मी निघालो की मी दाराशी पोचतो तेव्हा आत्या अजून मेथीपाशी. पण रविवारी मागून गर्दीचा रेटा आला की दोघंही एकदमच बाहेर. रिमूव्हरमधलं अ‍ॅसिटोन म्हणजे तो रेटा. जवळच्या कॉलेजातून पेट्रोलियम ईथर मागून आणा. त्याचे 9 भाग, अ‍ॅसिटोनचा 1. भयंकर पेट घेतं, आसपास काडीसुद्धा ओढू नका.

थेंब नको, बारीक नळीने टेकवा, वाळू द्या, पुन्हा टेकवा. ठिपका द्रावकात बुडता कामा नये. बरणीला झाकण हवंच.

पानवेडा: या तंत्राचा जन्मच पानांच्या रंगांतून झालाय. मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने काचेच्या नळीत कॅल्शियम कार्बोनेटची पूड ठासून वरून पानांचा अर्क सोडला, तर रंगांचे वेगवेगळे पट्टे पडले. 1906 च्या लेखांत ‘क्रोमॅटोग्राफी’ हे नावही त्यानेच दिलं. गंमत म्हणजे रशियनमध्ये ‘त्स्वेत’ म्हणजे रंग.

शाळेतली_बाई: जमलं! द्रावक 9 सेंमी चढलं. नारिंगी-पिवळा 8.6 वर, मग फिकट पिवळा, निळसर हिरवा, आणि खाली 4.1 वर पिवळट हिरवा. एकाने विचारलं, नारिंगी होता तर पानात दिसत का नव्हता?

क्यूसीवाला: हिरव्याने झाकला होता. ते कॅरोटीन, गाजरातलंच. दोन हिरवे म्हणजे क्लोरोफिल ए आणि त्याखाली बी. आता पोरांना भागाकार करायला लावा: 8.6 भागिले 9, म्हणजे 0.96. हा आरएफ, म्हणजे रंग किती चढला भागिले द्रावक किती चढलं. बी चा 0.46 येईल. द्रावक बदललं की आकडे बदलतात, म्हणून वहीत 9:1 लिहून ठेवा.

आणि ती शाईची पट्टी टाकली नाही ना? जांभळ्याच्या कडेला आणखी एखादा रंग सुटलाय का बघा.