मदत हवी आहे : वाचनकट्टा सुरू केलाय, पण पुस्तक वाचतंय कोण?

आम्ही डोंबिवलीतल्या सहा मैत्रिणी. भिशी बंद करून महिन्यातून एका रविवारी पुस्तकावर गप्पा मारायचं ठरवलं. पहिलंच घेतलं 'कोसला' (भालचंद्र नेमाड्यांची कादंबरी, १९६३). निवड माझी, चूकही माझीच. दोघींनी पूर्ण वाचलं, एकीची खूण पान ४० वरून हललीच नाही, बाकीच्या साबुदाणावडे खायला आल्या! पण नायकाच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूचा भाग मी मोठ्याने वाचला, तेव्हा वडे गार झाले तरी कोणी हात लावेना. म्हणजे गोडी आहे, सवय मोडलीय.

आता कादंबरीऐवजी एकेक कथा घ्यावी, की तिथेच बसून आळीपाळीने वाचावं? न वाचताच येणारीला काय म्हणायचं? मैत्रीत वाईटपणा नकोय. आणि तुमच्याकडे पुस्तक निवडतं कोण, चिठ्ठ्या टाकता का?