मदत हवी आहे: क्लिकरने कुत्रीला भलतंच शिकवून बसले

मंडळी, हसा, पण उत्तरही द्या.

आमची चिंगी आठ महिन्यांची, मध्यम चणीची. कोणीही दारातून आलं की पुढचे दोन्ही पाय थेट समोरच्याच्या छातीवर. ओरडून झालं, पाठ फिरवून झालं. शेवटी दीड महिन्यापूर्वी क्लिकर आणला, म्हणजे दाबलं की 'टिक' वाजणारं छोटंसं खेळणं. पहिले दोन दिवस नुसतं क्लिक आणि खाऊ, क्लिक आणि खाऊ. तिसऱ्या दिवशी आवाज झाला की मान गर्रकन माझ्याकडे. 'बस' दोन सेशनमध्ये आलं, हाताला नाक लावणं तर पाच मिनिटांत. मी हवेत!

मग उडीकडे वळले. नियम साधा ठेवला: उडी मारली की मी पुतळा. खाली उतरून बूड टेकलं की क्लिक आणि खाऊ. ती पटापट बसायला लागली म्हणून आठवडाभर मला वाटलं, जमलं. पण उड्या काही कमी होईनात. आता तर मी नुसती दुसऱ्या खोलीतून आले तरी धावत येते, उडी मारते, टपकन उतरते, बूड टेकते आणि माझ्या कमरेच्या पिशवीकडे बघते. काम केलंय, पगार काढा!

आणि ती पिशवी कमरेला नसेल तर 'बस' म्हटलेलं ऐकूच येत नाही. चुकतंय कुठे? 'दोन फटके द्या' हा सल्ला कृपया नको.

निवांत
फटके चिंगीला कशाला, तिने गृहपाठ चोख केलाय. तुम्ही तिला 'उडी नको' शिकवलंच नाही ताई, 'उडी, मग बस' अशी जोडी शिकवलीत. क्लिक बसण्यावर पडला तरी तिच्या हिशेबात सुरुवात उडीपासून होते. उडी मारली नाही तर पुढचं नाटक सुरूच होत नाही. ही चूक फार जण करतात, मीही केली आहे.

क्लिक उडीच्या आधी यायला हवा. ती तुमच्याकडे येतेय, अजून तीन-चार पावलं लांब आहे, चारही पाय जमिनीवर आहेत, तिथेच क्लिक. बसण्याची वाट बघू नका. आणि खाऊ हातातून देऊ नका, तिच्या पुढच्या पंज्यांजवळ जमिनीवर टाका. खाऊ वरून येतो म्हटल्यावर ती वरच येणार. ती खाली मुंडी घालून खातेय तोवर दुसरा क्लिक, दुसरा तुकडा. पहिले काही दिवस असं धडाधड चालू दे. तुकडा वाटाण्याएवढा पुरे, आणि तो रोजच्या खाण्यातूनच वजा करा.

पाहुणे सगळ्यात शेवटी. आधी तुम्ही एकट्या, मग घरातलं माणूस, मग ओळखीचं कोणीतरी. दाराशी पट्टा लावून ठेवा, म्हणजे उडी पोचणारच नाही. उडीची कमाई थांबली की दोन-चार दिवस ती जास्तच जोर लावून उड्या मारेल. तेव्हा घाबरून नियम बदललात तर सगळं मुसळ केरात.

भोचक
एवढा खटाटोप कशाला? 'शाब्बास' म्हणा, पाठ थोपटा. आमचा त्यावरच शिकला. ते टिकटिक खेळणं म्हणजे फॅशन आहे.

निवांत
'शाब्बास'नेही शिकतात, वाद नाही. पण ते आपण दिवसभर कशालाही म्हणतो, आणि आवाज मूडप्रमाणे बदलतो. क्लिक दर वेळी सारखाच, आणि एवढा तोकडा की नेमका क्षण पकडता येतो. फॅशन म्हणाल तर जुनी आहे हो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी 1951 मध्येच प्राण्यांना शिकवण्यावरच्या लेखात असल्या खेळण्यातल्या टिकटिकीचा वापर सांगितला होता. पुढे प्राणी-प्रशिक्षक कॅरन प्रायर डॉल्फिनना शिट्टीवर शिकवत. डॉल्फिन हवेत असताना त्याच्या तोंडात मासा कसा देणार? म्हणून उडी जमली त्या क्षणी शिट्टी, मासा मागाहून. क्लिकर म्हणजे तीच शिट्टी.

मांजरपाट
पिशवीच्या प्रश्नावर मी बोलते, कारण माझ्या बोक्याने माझी हीच फजिती केली होती. फोन भिंतीला टेकवून दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्या आणि आवाज बंद करून बघा. माझ्या व्हिडिओत दिसलं की क्लिक व्हायच्या आधीच माझं कोपर मागे जातंय, खिशाकडे. बोका क्लिक ऐकतच नव्हता, कोपर वाचत होता!

आधी क्लिक, एक श्वास, मग हात. तोवर हात पोटाशी बांधलेला समजा. आणि पिशवी काढूनच टाका. वेगवेगळ्या खोल्यांत उंचावर झाकणाच्या डब्या ठेवा. 'बस', क्लिक, मग दोघींनी मिळून डबीकडे जायचं. खाऊ अंगावर दिसत नसला तरी मिळतो, हे तिला कळायला हवं.

टायमिंगसाठी चिंगी नसताना चेंडू टाकायला कोणाला तरी सांगा आणि तो जमिनीला टेकेल त्याच क्षणी क्लिक करायचा प्रयत्न करा. आपण किती उशिरा करतो ते बघून लाज वाटते.

नवखी
मध्येच विचारते, आमची मांजर क्लिकच्या आवाजाने पलंगाखाली पळते. सोडून देऊ का?

मांजरपाट
क्लिकरचा आवाज सोडा, शिकवणं सोडू नका. बॉलपेनचं बटण वापरा, नाहीतर क्लिकर जाड मोज्यात गुंडाळून. आणि सेशन एक मिनिटाचं, मांजर कंटाळायच्या आत तुम्हीच उठा.

धागाकर्ती
व्हिडिओ पाहिला. सतरा क्लिक, त्यातल्या अकरा वेळा हात आधी पिशवीत. आणि दोनदा तर क्लिक चक्क चिंगी हवेत असताना! उडीची फी मीच भरत होते. पिशवी आजपासून कपाटात.

धागाकर्ती (अडीच आठवड्यांनी)
अपडेट: माझ्यावरच्या उड्या जवळजवळ बंद. आता धावत येते, दोन पावलं अलीकडे करकचून ब्रेक लावते आणि जमिनीकडे बघते, खाऊ पडतोय का म्हणून. मध्ये तीन दिवस खरंच वाईट गेले, निवांत यांनी आधी सांगितलं नसतं तर सोडून दिलं असतं. पिशवीशिवाय 'बस' दहापैकी सात-आठ वेळा.

अडलंय ते बाबांपाशी. ते आत येतात, ही उडी मारते, आणि ते 'अगं अगं, काय गं' म्हणत दोन्ही हातांनी कान चोळतात. सांगून थकले.

निवांत
बाबांना 'हे करू नका' सांगू नका, काम द्या. दाराबाहेर डबी ठेवा. आत पाऊल टाकण्याआधी दोन तुकडे जमिनीवर टाकायचे, आणि ती खाली वाकलेली असतानाच कान चोळायचे. लाड चालू राहू देत, फक्त जमिनीच्या उंचीवर. तोवर ते यायच्या वेळी पट्टा तुमच्या हातात.