अरेंजरचंही नाव हवंच
'चाल ज्याची त्याचंच नाव छापावं, अरेंजरला कसलं श्रेय?' हे मत मला अजिबात पटलं नाही. अरेंजर म्हणजे दुसऱ्याच्या चालीला स्वरसाज चढवणारा.

'पॅशन कोराल' ही चर्चमधल्या भक्तिगीताची चाल घ्या. मूळ जर्मन संगीतकार हान्स लिओ हासलर यांची, १६०१ साली छापलेलं चक्क प्रेमगीत! पुढे ती येशूच्या दुःखभोगाच्या गीताला लागली आणि तिची खेळकर लय संथ, सरळ झाली. जर्मन संगीतकार बाख यांनी येशूच्या दुःखभोगावरच्या 'सेंट मॅथ्यू पॅशन' या मोठ्या गायन-वादन रचनेत ती पाच वेळा वापरली. पट्टी बदलत जाते, आणि येशूच्या मृत्यूनंतर लगेच ती येते तेव्हा गायकवृंदातला वरचा आवाज ओळखीची चालच गातो, पण खालचे आवाज अर्ध्या-अर्ध्या स्वरांनी सरकत राहतात. तो भाग एकदा नुसता खालच्या आवाजांकडे कान देऊन ऐका, अंगावर काटा येतो. हे काम हासलर यांचं नाही ना?

इंग्लिश संगीतकार वॉन विल्यम्स यांचंही तसंच. १९०६च्या 'इंग्लिश हिम्नल' या चर्चच्या भक्तिगीतांच्या पुस्तकासाठी त्यांनी खेड्यापाड्यांतल्या लोकगीतांच्या चाली घेतल्या. 'फॉरेस्ट ग्रीन' ही चाल इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या त्याच नावाच्या गावची. तिथे मूळ रचनाकार अज्ञातच, मग स्वरसाज चढवणाऱ्याचं नाव तरी गाळू नये.