अनुभव धागा: मराठवाड्यातली जेलं, आतली गर्दी आणि कोठडीतले मृत्यू

गोदाकाठ (धागाकर्ता)

डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, आंदोलन झालं, धरपकड झाली आणि १५ तारखेला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. त्यावर तेव्हापासून भरपूर बोललं गेलंय, पण बहुतेक बोलणं कोण कुठल्या बाजूचा एवढ्यापुरतंच. जेलच्या आत काय असतं हे सांगणारं माणूस बोलतच नाही. आपल्याकडं "आत जाऊन आलाय" एवढ्यावर जमलेली सोयरीक मोडते, मग सांगणार कोण?

म्हणून हे बोलावणं. संभाजीनगरचं हर्सूल मध्यवर्ती असो, नांदेड, परभणी, बीड, धाराशिव, लातूर, जालना कुठलं जिल्हा कारागृह असो की तालुक्याची कोठडी. तुम्ही स्वतः आत होतात, तुमचं माणूस होतं किंवा तुम्ही तिथं नोकरी केली, तर लिहा. जेलचं नाव, अधिकाऱ्याचं नाव लिहू नका. केस चालू असेल तर तपशील झाका. ऐकीव नको.

वाद होणारच, म्हणून आकडा आधीच देऊन ठेवतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरच्या जेलांत शंभराच्या जागेत १३१ माणसं होती आणि त्यातली पाऊणशे टक्के न्यायाधीन, म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नाही.

मांजराकाठचा शेतकरी

भावकीचं भांडण, बांधावरून. एकाचं डोकं फुटलं, ३०७ म्हणजे खुनाच्या प्रयत्नाचं कलम लागलं, आम्ही भाऊ-भाऊ आत. पुढं निर्दोष सुटलो, पण ते फार पुढं.

पीसीआरमधलं, म्हणजे पोलीस कोठडीतलं, सांगत नाही. एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी होऊन जेलात गेलो तेव्हा खरं म्हणजे बरं वाटलं, चला मार तरी संपला. संध्याकाळी बंदी झाली, बरॅकला कुलूप लागलं, तेव्हा कळलं. नव्या माणसाची जागा संडासापाशी. कुणी सुटला की तुम्ही एक कांबळ पुढं सरकता. झोपायचं एका कुशीवर. पाठीवर पडलं की शेजारचा कोपरानं ढोसलतो. कूस बदलायची तर रांगेतल्या चार-पाच जणांनी मिळून बदलायची. रात्री लघवीला उठलं की परत येईस्तोवर जागा मिटलेली असते, मग बसूनच रात्र काढायची. म्हातारी माणसं ह्या भीतीनं संध्याकाळनंतर पाणी पीत नव्हती. उन्हाळ्यात, आपल्या मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, पाणी पीत नव्हती.

खरजेबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो. बोटांच्या बेचक्यात, जांघेत, कमरेला. रात्री अख्खी बरॅक खाजवायची, त्याचा आवाज येतो. दवाखान्यात गेलं की एकाला मलम मिळायचं. आता खरजेचं असं आहे की एका जागी झोपणाऱ्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध लावायला पाहिजे, कांबळी-कपडे उकळून उन्हात टाकायला पाहिजेत. हे मला सुटल्यावर गावच्या डॉक्टरनं सांगितलं. आत एकाची बरी व्हायची तोवर शेजाऱ्याची त्याला परत लागायची. कांबळी उन्हात टाकायला जागा कुठं, आणि धुवायला पाणी कुठं? टँकर यायचा. गावातही टँकरच होता, तवा तक्रार तरी कोणत्या तोंडानं करावी.

आमच्या बरॅकमधला एक म्हातारा रात्री घामानं भिजला, डावा हात धरून बसला. आम्ही गजावर ताटं वाजवली. शिपाई आला, बघितलं, म्हणला साहेबांना कळवायलोय. परत ताटं वाजवली. म्हणला गार्ड नाही, गार्ड मागवलाय. उजाडल्यावर नेला. दुपारी कळलं, गेला म्हणून. कागदावर मृत्यू दवाखान्यात झाला, आमच्या बरॅकमध्ये नाही.

तेरणेची लेक

वरच्या दादांचं वाचून हात थरथरायलेत. माझा थोरला भाऊ असाच गेला.

मुलाकातीला दर खेपेला म्हणायचा, छातीत भरून येतंय गं ताई. जाळीच्या अलीकडं-पलीकडं सगळे एकदम ओरडत असतात, निम्मं तोंडाच्या हालचालीवरून समजून घ्यायचं. मी वकिलाला सांगितलं, वकिलानं अर्ज दिला, कोर्टानं दवाखान्यात दाखवायचा आदेश पण केला. आदेश होऊनही नेलं नाही. विचारलं की एकच उत्तर, गार्ड नाही. निवडणूक आहे, बंदोबस्त आहे, यात्रा आहे, गणपती आहे. त्याची कोर्टाची तारीखही ह्याच कारणानं पुढं जायची. जेलातूनच टीव्हीवर कोर्टाला दाखवून तारीख दिली म्हणायचे.

मग एक दिवस आमच्या ठाण्यातून गावच्या पोलीस पाटलांना फोन. त्यांनी मला नाही, माझ्या नवऱ्याला सांगितलं, "तब्येत सिरीयस आहे, निघा." आम्ही पोचलो तर तो शवागारात. न्यायाधीश साहेबांची चौकशी झाली, माझा जबाब घेतला. ते साहेब चांगले होते, खोटं का बोलू. पाणी दिलं, घाई केली नाही. मी सगळं सांगितलं, छातीचं, अर्जाचं, गार्डचं. पुढं काय झालं ते विचारायला गेलं की ह्या टेबलावरून त्या टेबलावर. आईला अजून वाटतं की त्याला मारलं. मला तसं वाटत नाही. पण नेलं असतं तर जगला असता, हे मला वाटतं, आणि कागदावर ते कुठंच नाही.

बालाघाटी

सगळ्यांबद्दल सहानुभूती आहे. पण जेल म्हणजे काय हॉटेल का? गुन्हा करताना हे सुचत नाही. ज्याचा खून झाला त्याच्या घरच्यांचा धागा कोण काढणार?

मांजराकाठचा शेतकरी

@बालाघाटी, मी निर्दोष सुटलो. मला कोणत्या खुनाची शिक्षा होती ते सांगा.

गोदाकाठ

@बालाघाटी, तो धागा तुम्ही काढा, मी लिहीन. इथं अनुभव असेल तर द्या, नाहीतर वाचा.

निवृत्त शिपाई

मराठवाड्यात आणि बाहेरही जेलात नोकरी करून रिटायर झालो. आमची बाजू कुणी विचारत नाही, म्हणून जरा लांब लिहितो.

पहिलं म्हणजे, रात्रीच्या ड्युटीवरच्या शिपायाला बरॅकचं कुलूप एकट्याला उघडता येत नाही. चावी त्याच्याजवळ नसतेच. आतल्यानं ताटं वाजवली की शिपाई वरच्याला सांगणार, तो साहेबांना उठवणार, साहेब क्वार्टरवरून येणार, मग कुलूप. हे नियम पळून जाऊ नये म्हणून आहेत, दुखणं समोर ठेवून केलेले नाहीत. त्यानंतर बाहेर न्यायचं तर गार्ड लागतो, आणि तो गार्ड आमचा नसतो. तो पोलीस मुख्यालयातून येतो. आम्ही फोन करायचा, तिकडून उत्तर यायचं, माणसं शिल्लक नाहीत, सकाळी बघू. ताई म्हणतात ते यात्रा-गणपती खरं आहे. बंदोबस्तात सगळे गेले की कैद्याचं कोर्ट आणि कैद्याचा दवाखाना दोन्ही बंद. डॉक्टर म्हणाल तर रात्री कंपाउंडर असला तरी नशीब. आम्ही पण माणसं आहोत, मरणाऱ्याला बघत उभं राहायला कुणाला आवडत नाही. पण कुलूप तोडलं असतं तर सस्पेंड मी झालो असतो, मुख्यालयातला माणूस नाही.

दुसरं म्हणजे मार. सगळा मार जेलात होत नाही. पोरगं पीसीआर संपवून गेटवर येतं तेव्हा लंगडत येतं. सोबत मेडिकलचा कागद असतो, त्यावर लिहिलेलं असतं, जखम नाही. आम्ही शर्ट काढायला लावतो, पाठ बघतो, तळपाय बघतो. चांगला जेलर असला तर म्हणतो, परत मेडिकल करून आणा, असा घेणार नाही. नसला तर घेतो. घेतला की तो आमचा. मेला तर जेलात मेला. नोकरीत मी दोन्ही तऱ्हेचे जेलर बघितले, आणि पहिल्या तऱ्हेच्यांची बदली लवकर होते.

जेलात मारत नाहीत असं मी म्हणणार नाही. मारतात. नव्या माणसाला पहिल्या दिवशी "शिस्त" लावतात, आणि ते काम पुष्कळदा जुन्या कैद्यांकडूनच करून घेतात.

पालावरचा

मी पारधी. आमच्याकडं कुणी कुठं चोरी केली ह्याच्याशी आम्हाला उचलण्याचा संबंध नसतो. तालुक्यात घरफोडी झाली की पहाटे जीप पालावर. गुन्हेगार जमातींचा कायदा इंग्रजांचा, १८७१ चा, रद्द झाला १९५२ ला. आमच्या ठाण्यापर्यंत ती बातमी अजून पोचायची आहे.

जेलात गेल्यावर रजिस्टरात जात विचारली आणि दुसऱ्या दिवशी हातात खराटा. संडास आमच्याकडं, भटारखाना दुसऱ्यांकडं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की जातीवरून काम वाटायचं नाही, रजिस्टरातला जातीचा रकाना पण काढायचा. मी त्याच्या आधी आत होतो. आता सुधारलं असेल तर चांगलंच आहे, आत असलेल्यानं सांगावं.

जामीन मला लवकर झाला होता. जामीनदार कुठून आणू? पालावर सातबारा कुणाच्या नावावर असतो?

काळा कोट

वरच्या भावाचा प्रश्न आम्हा वकिलांना रोज पडतो. जामीन मंजूर आणि माणूस आतच, कारण जामीनदाराचा ऐपतीचा दाखला नाही. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२३ मध्ये यावर स्पष्ट सांगितलंय. जामीन होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही तर जेल अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिन्याभरात जामीनदार देता आला नाही तर कोर्टानं स्वतःहून अट सैल करता येईल का ते बघायचं. गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजना आहे, जामिनासाठी रक्कम मिळू शकते. आणि कोठडीतल्या कुठल्याही माणसाला सरकारी खर्चानं वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. हे शेवटचं तर आत शिकल्या-सवरल्यांनाही माहीत नसतं.

फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेत, कलम ४७९ आहे. पहिलाच गुन्हा असेल तर त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर सुटका, इतरांना निम्म्यावर. जन्मठेप-फाशीच्या गुन्ह्यांना नाही. पण त्यातच मेख आहे, एकाहून जास्त केसेस चालू असतील तर हा फायदा नाही. आणि पालावरच्या पोरावर एकच केस कधी असते का?

एक आई

हुंड्याच्या केसमध्ये सासू म्हणून मी, जाऊ म्हणून माझी धाकटी सून. तिच्याबरोबर तिचा लहान मुलगा. सहा वर्षांपर्यंत लेकरू आईजवळ ठेवता येतं.

बायकांची बरॅक म्हणजे जेलच्या कोपऱ्यातली एक खोली. पुरुषांना निदान अंगण असतं. पाळीत कापड मागायला लाज आणि धुवायला पाणी नाही. सुनेचं दूध आटलेलं, लेकराला जेलचं वरण चालायचं नाही. बाकीच्या बायका त्याच्यासाठी आपल्या वाटणीचं दूध ठेवायच्या, त्यात खुनाच्या केसमधली एक होती, तिचाच त्याला सगळ्यात लळा. गिनतीला जोडी-जोडीनं बसवतात. लेकरू ते शिकलं. घरी आल्यावर पाहुणे जमले की हा सगळ्यांना दोन-दोन करून बसवायचा आणि मोजायचा. लोक हसायचे.

त्या खोलीत एकीनं स्वतःला संपवलं. त्यावर मी लिहू शकत नाही. एवढंच की ती आठवडाभर जेवत नव्हती आणि हे सगळ्यांना दिसत होतं.

नाव नको

धागा वाचत होतो, लिहायची वेळ येईल वाटलं नव्हतं. माझा मामेभाऊ परवा कोठडीत गेला. आजारपण म्हणून सांगतात. आजारी नव्हता. पोस्टमॉर्टेम झालंय, बॉडी घ्या म्हणायलेत, घरातले नाही म्हणायले. काय करावं?

काळा कोट

@नाव नको, वाईट वाटलं. मुद्द्याचं सांगतो.

कोठडीत मृत्यू झाला की त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हावीच लागते, पोलिसांचा तपास वेगळा. नातेवाइकांना त्या चौकशीत हजर राहता येतं, तिथं वकील घेऊन जा आणि जबाब नीट नोंदवा. पोस्टमॉर्टेमचं व्हिडिओ चित्रीकरण करायला मानवी हक्क आयोगानं सांगितलेलं आहे, त्याची आणि रिपोर्टची प्रत लेखी मागा. व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी आतल्या अवयवांचे नमुने, ठेवलाय का ते विचारा. मृत्यूची खबर २४ तासांत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला द्यायची असते, ती दिली का तेही विचारा. तुम्हीही तक्रार करू शकता, पैसे लागत नाहीत, पण वर्षाच्या आत करा. शंका असेल तर दुसऱ्या पोस्टमॉर्टेमसाठी हायकोर्टाच्या खंडपीठात जाता येतं, आणि ते अंत्यविधीच्या आधीच. त्यामुळं घाईनं सही करू नका.

"आजारपण" एकदा कागदावर पक्कं झालं की पुढचं सगळं अवघड. एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारनं जेलमधल्या मृत्यूंसाठी भरपाईचं धोरण केलंय. मारहाण किंवा वैद्यकीय हलगर्जीपणा सिद्ध झाला तर ५ लाख, आत्महत्येत १ लाख, दीर्घ आजारात काही नाही. म्हणून कारण काय लिहिलं जातं तिथं लक्ष ठेवा. परभणीच्या प्रकरणातही पुढं खंडपीठानं ४ जुलै २०२५ ला गुन्हा नोंदवायला सांगितला, पण त्यासाठी आईला हायकोर्टापर्यंत जावं लागलं.

नाव नको

धन्यवाद साहेब. उद्या अर्ज टाकतो. मामीला सांगतो सही करू नको म्हणून.

निवृत्त शिपाई

वकील साहेबांच्या यादीत एक घाला. गेटचं रजिस्टर आणि रात्रपाळीच्या ड्युटीचं रजिस्टर, दोन्हींची प्रत मागा, आणि मुख्यालयाला गार्डसाठी फोन कधी केला त्याची नोंद मागा. गाडी गेटमधून किती वाजता बाहेर पडली ते तिथं लिहिलेलं असतं. दवाखान्याच्या केसपेपरवरची वेळ त्याच्याशी लावून बघा. अर्ज उद्याच टाका, चार दिवस गेले की रजिस्टर "सापडत" नसतं.